थायलंडची सिनेट : निवडणूक झाली, मतदार मात्र बाहेरच

थायलंडमध्ये २०१४ साली लष्कराने सत्ता बळकावली. २०१९ मध्ये निवडणुका झाल्या आणि देश लोकशाहीत परतल्याचे जाहीर झाले. पण सिनेटचे २५० सदस्य लष्करी राजवटीने नेमलेले होते आणि पंतप्रधानाच्या निवडीत त्यांनाही मत होते. २०२३ मध्ये मूव्ह फॉरवर्ड पक्षाने सर्वाधिक १५१ जागा जिंकल्या. तरीही त्यांचे नेते पिटा लिमजारोनरात पंतप्रधान होऊ शकले नाहीत, कारण सिनेटमधून त्यांना फक्त १३ मते मिळाली.

जून २०२४ मध्ये २०० सदस्यांची नवी सिनेट निवडली गेली. ती कशी? उमेदवार चाळिशी पार केलेला हवा, २,५०० बाथ शुल्क भरलेले हवे. वीस व्यावसायिक व सामाजिक गटांत विभागलेल्या या उमेदवारांनीच तीन फेऱ्यांत एकमेकांना मते दिली. सामान्य नागरिकाला मतच नव्हते. याच देशात २००० साली जनतेने सिनेट थेट निवडली होती, हे विसरता येत नाही.

थायलंडमध्ये भिक्खूंना मतदानाचा हक्क नाही. सिनेटपुरते आता उपासकही त्यांच्याच रांगेत आहेत.

नव्या सिनेटला पंतप्रधान निवडता येत नाही. मात्र एक तृतीयांश सिनेटरांच्या संमतीशिवाय संविधान बदलत नाही. संविधान न्यायालय आणि निवडणूक आयोगाच्या नेमणुकाही तिच्याच मंजुरीने होतात. म्हणजे ही पद्धत बदलायची किल्ली याच पद्धतीने निवडून आलेल्यांच्या हाती आहे.

भिक्खू संघाला मतदानाची रीत ठाऊक होती, याची आठवण बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत करून दिली होती. बौद्धबहुल थायलंडच्या जनतेला तोच हक्क सिनेटसाठी परत मिळायला हवा.