बस ही मेहेरबानी नव्हे

ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींत उत्सवाचे निमंत्रण पोहोचले की कीर्तनकार कोण, महाप्रसाद कोणत्या दिवशी, हे प्रश्न मागाहून निघतात. प्रथम निघतो तो प्रश्न "परत यायचे कसे?" हा. विचारणाऱ्या बहुधा साठी उलटलेल्या स्त्रिया असतात. ज्यांच्या घरी मोटार आहे, मुलगा गावातच आहे आणि त्या सायंकाळी त्यास सवड आहे, त्यांचा प्रश्न सुटतो. बाकीच्यांनी घरूनच देवास हात जोडावे आणि स्वस्थ बसावे. आजवर या गोष्टीकडे ज्याच्या त्याच्या घरची अडचण म्हणून पाहिले गेले. आमच्या मते हा उघड सार्वजनिक अन्याय आहे. त्याचे निवारण करण्याची जबाबदारी राज्यशासनाची आणि नगरनिगमाची आहे, आणि ती त्यांनी पार पाडावी म्हणून आवाज उठविण्याचे काम आपल्या समाजाचे आहे.

ग्वाल्हेर एका नावाने ओळखले जात असले तरी घडणीने ती तीन गावे आहेत. किल्ल्याच्या पायथ्याशी जुने ग्वाल्हेर. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला त्या जागी वसलेले लष्कर. आणि इंग्रजांची छावणी असलेले मुरार, जे १८८६ साली किल्ल्यासह शिंद्यांच्या हाती परत आले. मधोमध किल्ल्याचा लांबलचक डोंगर पसरलेला, त्यामुळे एका गावातून दुसऱ्यात जाताना वाटेला वळसे फार. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती साडेदहा लक्षांवर आणि जिल्ह्याची वीस लक्षांवर गेली होती. शिवाय कामधंद्याच्या वाटा जिल्ह्याची सीमा मानीत नाहीत. मालनपूरचे कारखाने भिंड जिल्ह्यात, बानमोरचे मुरैना जिल्ह्यात, आणि तेथे राबणारे कित्येक हात ग्वाल्हेरचे. डबरा, भितरवार येथून इस्पितळासाठी, न्यायालयासाठी, महाविद्यालयासाठी माणसे रोज शहरात येतात. एवढ्या पसाऱ्यास जोडणारे साधन म्हणजे ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भाड्यात जाणारी सार्वजनिक बस. शहराच्या वाहतुकीचा भार मात्र वर्षानुवर्षे टेंपो, रिक्षा आणि अलीकडे ई-रिक्षा यांनी वाहिला आहे.

आपल्या समाजापुरते पाहिले तर या उणिवेचा घाव फार खोल गेला आहे. आपली बहुतेक देवळे, मठ आणि संस्था लष्करात आहेत. महाराज बाड्याजवळची गोरखी, ढोलीबुवांचा मठ, कंपूजवळची मांढऱ्याची देवी, अचलेश्वर, ही सारी स्थाने जेव्हा गजबजलेली असत तेव्हा भक्तमंडळी हाकेच्या अंतरावर वाड्यांतून राहत असे. पुढे वाडे पडले, विकले गेले, वाटण्या झाल्या. मुले थाटीपूर, सिटी सेंटर, दीनदयाळनगर अशा नव्या वसाहतींत राहावयास गेली आणि वडील माणसे त्यांच्यामागे गेली. देव लष्करात राहिले. मंगळागौरीस, दत्तजयंतीस, रामनवमीच्या कीर्तनास पूर्वी जी म्हातारी काठी टेकीत चालत येई, तिला आता दोनदा वाहन बदलावे लागते, आणि रात्री नवाच्या पुढे वाहन मिळेलच याची शाश्वती नसते. मग ती येत नाही. ती आली नाही म्हणजे तिचे नातवंडही येत नाही. नातवंड आले नाही म्हणजे मराठी अभंग, मराठी आरती, मराठी बोलणे त्याच्या कानावरून जात नाही. आपली भाषा उत्तरेत क्षीण होत चालली म्हणून सभासंमेलनांतून हळहळ व्यक्त करणाऱ्यांनी हा साधा हिशेब एकदा मांडून पाहावा. भाषा शिकविण्याचे वर्ग काढण्यापूर्वी त्या वर्गापर्यंत पोहोचण्याची सोय पाहिली पाहिजे.

अचलेश्वराविषयी ग्वाल्हेरात आख्यायिका सांगतात की रस्ता काढताना ते शिवलिंग हलविण्याचा पुष्कळ खटाटोप झाला, हत्ती लावून ओढले, तरी देव जागचा हलला नाही. अखेर रस्त्यानेच देवाला वाट करून दिली. देवाने अचल असावे हे त्यास शोभते. पण भक्ताने अचल व्हावे असे कोणत्या शास्त्रात सांगितले आहे?

या मासिकाच्या वाचकांस आम्ही आणखी एका गोष्टीचे स्मरण देतो. महादजी शिंद्यांच्या पदरी जे सेनानी होते त्यांत गोमंतकातील केरी गावचे जिवबादादा बक्षी आणि त्यांच्याच शेणवी समाजातील लखबादादा लाड यांची नावे इतिहासात ठळक आहेत. त्या पिढीने समुद्रकाठची गावे सोडली, सह्याद्री ओलांडला आणि चंबळेपलीकडे घोडी नेली. त्यांच्या वारसांस आज थाटीपुराहून बाड्यापर्यंत जाऊन रात्री सुखरूप परत येता येत नाही, हा काळाचा विनोद आहे.

कोणी म्हणेल, ग्वाल्हेरला बसची परंपराच नव्हती, तेथे मागणी तरी कशाच्या आधारावर करावयाची? हे अज्ञान आहे. माधवराव शिंद्यांच्या काळी ग्वाल्हेरहून भिंड, शिवपुरी आणि श्योपूर या तिन्ही दिशांस दोन फुटी रुळांची छोटी आगगाडी जात असे. त्यांपैकी श्योपूरची गाडी थेट २०२० पर्यंत धावली. आणि मोटार-बसच्या बाबतीत तर ग्वाल्हेरचे नाव राजधानीपर्यंत गेले होते. स्वातंत्र्याच्या सुमारास दिल्लीच्या रस्त्यांवर बस चालविण्याचा परवाना जिच्याकडे होता ती कंपनी 'ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनी' हीच होय. तिची सेवा अपुरी पडते असे दिसून आल्यावर केंद्र सरकारने मे १९४८ मध्ये दिल्लीची बससेवा स्वतःच्या हाती घेतली. आजच्या दिल्ली परिवहन निगमाचे मूळ तेथे आहे. त्याच वर्षी १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर महाराष्ट्रातील पहिली एस. टी. धावली.

आता मध्यप्रदेशाकडे पाहावे. तेथेही १९६२ साली राज्य परिवहन निगम स्थापन झाले. त्याच्या गाड्या जुन्या झाल्या, कर्ज वाढले, कारभार बिघडला. यांतील कोणतीही गोष्ट आम्ही नाकारीत नाही. पण त्यावर योजलेला उपाय कोणता? २००५ साली शासनाने निगमच बंद करावयाचे ठरविले, आणि पुढच्या काही वर्षांत ते नामशेष झाले. दिल्लीत सेवा अपुरी दिसली तेव्हा सरकारने पुढे होऊन ओझे उचलले. मध्यप्रदेशात सेवा अपुरी दिसली तेव्हा सरकारने ओझे रस्त्यावर टाकून दिले. आमच्या साऱ्या तक्रारीचे सार या दोन वाक्यांत आले. रोगी अशक्त झाला म्हणून वैद्याने औषधोपचार थांबवावा आणि त्यास काटकसर म्हणावे, अशातला हा प्रकार आहे.

बससेवा तोट्यात चालते, हा विरोधकांचा मोठा मुद्दा. तो आम्ही मान्य करतो आणि विचारतो की रस्त्यावरचे दिवे कोणता नफा देतात? गटारे, उद्याने, अग्निशामक दल यांच्या जमाखर्चात नफ्याची ओळ कोणी पाहिली आहे काय? जी सोय सर्वांच्या कामाची तिचा खर्च सर्वांनी वाहावयाचा असतो. शिवाय पैसा नाही हे म्हणणेही खरे नाही. १९०५ साली सुरू झालेल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षी शासनाने नव्या मोटारींवरील वाहनकरात निम्मी सूट दिली. ज्याच्यापाशी मोटार घेण्याइतका पैसा आहे त्याच्यासाठी तिजोरीचे दार अर्धे उघडते. ज्याला पाच कोस जाण्यासाठी बसचे तिकीट हवे आहे त्याच्यासाठी ती तिजोरी रिकामी असते. जयविलास राजवाड्यात भोजनाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी प्रवासी लोक कौतुकाने पाहतात. पाहुण्यांपुढे मद्य आणि चिरूट नेण्याची तिची योजना. संस्थानिकाच्या मेजवानीतली ती हौस होती आणि ती त्या काळाबरोबर गेली. लोकशाही राज्याने मात्र सामान्य माणसास मेजावरच्या चिरूटापेक्षा अधिक मोलाचे मानावे, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये.

दुसरे म्हणणे असे की टेंपो आणि ई-रिक्षा आहेत, मग बस कशाला? टेंपोवाल्यांविरुद्ध आमचे काहीही म्हणणे नाही. शासनाने हात झटकले तेव्हा शहर चालते ठेवले ते यांनीच, आणि तेही गरीब कुटुंबांचे पोशिंदे आहेत. परंतु त्यांच्या धंद्याचा नियमच वेगळा. गाडी भरेल तेव्हा सुटणार, उतारू असतील त्या वाटेने जाणार, रात्री एकट्या बाईसाठी मुरारपर्यंत रिकामी गाडी काढणे त्यांस परवडणार नाही. त्यांनी तोटा सोसून धर्मकार्य करावे असे म्हणण्याचा अधिकार कोणास आहे? उतारू थोडे असतानाही वेळेवर सुटणे हेच सार्वजनिक बसचे वैशिष्ट्य, आणि ते सार्वजनिक पैशानेच साधते. कोकणातल्या आडवळणाच्या गावी रात्री मुक्कामाला जाणारी 'वस्तीची गाडी' ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे फोड करून सांगावयास नको. ती गाडी सकाळी शाळेची मुले, आजारी माणसे आणि बाजारकरणी घेऊन निघते. त्या एका फेरीचा हिशेब पाहून कोणी ती बंद केली असती तर कितीएक मुलींचे शिक्षण चौथीलाच संपले असते. आषाढीस पंढरपुरासाठी आणि गणेशचतुर्थीस कोकणासाठी जादा गाड्या सोडणे हे एस. टी. आपले नित्याचे काम मानते. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्या वृद्धांस तेथे तिकीट पडत नाही, २०२३ पासून स्त्रियांस अर्धेच भाडे पडते. एस. टी.चे दोष आम्हांस ठाऊक आहेत. तरीही दोष असलेली गाडी दुरुस्त करता येते. नसलेली गाडी कशी दुरुस्त करावी?

तिसरे म्हणणे, आता घरोघरी स्कूटर आहे. घरोघरी असेल, माणसोमाणशी नाही. स्कूटर मुलगा कामावर घेऊन जातो. पहाटे तीन देवळांची पूजा करणारा पुजारी, चार घरचा स्वयंपाक करणारी बाई, माधव संगीत महाविद्यालयात तंबोरा घेऊन जाणारी विद्यार्थिनी, निवृत्तिवेतनावर जगणारा गृहस्थ, यांना स्कूटरचे उदाहरण देणे म्हणजे भुकेल्यास पाकशास्त्राचे पुस्तक दाखविणे होय.

चौथे म्हणणे सर्वांत गोड आणि म्हणूनच सर्वांत धोक्याचे. ते असे की विजेच्या बसगाड्या येत आहेत, थोडा धीर धरा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने दहा हजार विद्युत बसगाड्यांची योजना मंजूर केली, तीत ग्वाल्हेरचे नाव आहे. एप्रिल २०२५ मध्ये मध्यप्रदेशाच्या मंत्रिमंडळाने 'मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा' मंजूर केली. गाड्या खासगी मालकांच्या आणि देखरेख शासकीय कंपनीची, असे तिचे स्वरूप. या दोन्ही निर्णयांचे आम्ही स्वागत करतो. पण गाड्या येणे आणि सेवा येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गाड्यांना हार घालून नारळ फोडण्याचे समारंभ या देशाने पुष्कळ पाहिले. गाडी कोणत्या वाटेने जाणार, किती मिनिटांनी येणार आणि रात्री शेवटची किती वाजता सुटणार, हे लोकांनी विचारले नाही तर ते ठरविणारे आपल्या सोयीने ठरवितात, आणि उतारू मिळत नाहीत या सबबीवर काही महिन्यांनी त्या गाड्या आगारात उभ्या राहतात.

म्हणून मागणी नेमकी असली पाहिजे. मुरार, थाटीपूर, गोले का मंदिर, स्टेशन, फूलबाग, महाराज बाडा आणि कंपू यांना जोडणारी एक सलग वाट असावी. हजिरा आणि किल्ला-दरवाजा यांना बाड्याशी जोडणारी दुसरी असावी. डिसेंबरात तानसेन समारोह ढोलीबुवांच्या परंपरेतील हरिकथेने सुरू होतो. तो ऐकण्यासाठी लष्करातल्या श्रोत्यास हजिऱ्याला जाता यावे आणि मैफल संपल्यावर घरी येता यावे. डबरा, मालनपूर, बानमोर यांच्या गाड्या शहराच्या गाड्यांशी वेळ जुळवून असाव्यात, आणि तीन जिल्ह्यांच्या सीमेवर जबाबदारी हरवू नये म्हणून त्या एकाच यंत्रणेच्या हाती असाव्यात. प्रत्येक थांब्यावर वेळापत्रक लावलेले असावे, त्यास छप्पर आणि दिवा असावा. पायरी म्हाताऱ्या माणसास चढता येईल इतकी खाली असावी. आणि शेवटची गाडी शेजारतीनंतर सुटावी.

उरला प्रश्न आपल्या देवस्थानांचा. विश्वस्त मंडळे सभामंडपास संगमरवर बसवितात, कळसास मुलामा देतात, दात्यांच्या नावांच्या पाट्या लावतात. देवाचे वैभव वाढावे यात वाईट काही नाही. परंतु मंडप वाढत जातो आणि मंडळी घटत जाते, तेव्हा विश्वस्तांनी अर्धा तास थांबून विचार करावा. काही ठिकाणी उत्सवापुरती खासगी गाडी ठरवितात. ती सोय चांगली, पण ती चार दिवसांची आणि आपल्यापुरती. बस मागितली तर ती आपल्या आजीबरोबर शेजारच्या मोलकरणीलाही नेईल, गुरुद्वाऱ्यात व दर्ग्यात जाणाऱ्यालाही नेईल. आपल्या मागणीस बळ येते ते याचमुळे. सर्व देवस्थानांनी, मंडळांनी आणि संगीतसंस्थांनी एक अर्ज लिहावा, त्यावर हजारो सह्या घ्याव्यात आणि तो जिल्हाधिकारी, महापौर व आमदार यांच्या हाती द्यावा. उत्तर मिळेपर्यंत दर महिन्यास स्मरणपत्र पाठवावे. मते मागण्यास येणाऱ्या प्रत्येक उमेदवारास प्रथम एवढेच विचारावे की रात्री साडेनवाला बाड्यावरून मुरारची गाडी कोणत्या थांब्यावर मिळेल?

या प्रश्नास जो थांब्याचे नाव आणि वेळ सांगू शकेल त्याचे पुढचे भाषण ऐकावे. इतरांस देवळाच्या पायरीवरून नम्रपणे नमस्कार करावा.