रॅमचा ताबा वापरकर्त्याकडे हवा

संगणक सुरू होताच त्याची रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती तात्पुरती धरून ठेवणारी वेगवान मेमरी, वापरकर्त्याने एकही प्रोग्राम उघडण्यापूर्वी भरू लागते, आणि ती कशाने भरावी हे ठरवण्याचा अधिकार ऑपरेटिंग सिस्टिमच्या निर्मात्यांनी बहुतांशी स्वतःकडे ठेवला आहे. या पत्रकाचा आक्षेप रॅम भरण्याला नसून ती परस्पर भरण्याला आहे.

हा भेद नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण एरवी 'रॅम क्लीनर' विकणाऱ्यांचेच फावते. एकदा वाचलेली फाइल पुन्हा लागेल म्हणून मोकळ्या रॅममध्ये राहू देणे याला कॅशिंग म्हणतात; फिरत्या हार्ड डिस्कला एखादी नोंद शोधून काढायला सुमारे 10 मिलिसेकंद लागतात, रॅममधून तीच नोंद शंभरेक नॅनोसेकंदांत हाती येते, आणि दुसऱ्या प्रोग्रामने जागा मागितली की कॅश ती सोडून देते, त्यामुळे याविरुद्ध ओरड करणे निव्वळ अज्ञानाचे आहे. प्रीलोडिंगची गोष्ट वेगळी. त्यात न मागितलेला प्रोग्राम पुढे मागितला जाईल या अंदाजाने आधीच डिस्कवरून आणून ठेवला जातो, आणि अंदाज चुकला तर डिस्कच्या खडखडाटाचा व खर्ची पडलेल्या बॅटरीचा भुर्दंड वापरकर्त्याच्याच माथी बसतो.

विंडोजचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. 2001 च्या एक्सपीमध्ये प्रीफेच आले, 2007 च्या व्हिस्टात वापरकर्त्याच्या सवयी टिपणारे सुपरफेच आले, आणि तीच सेवा आज सिसमेन या कोणालाच काही न सांगणाऱ्या नावाने चालते. एक्सपीच्या 'परफॉर्मन्स ऑप्शन्स' खिडकीत 'मेमरी युसेज' या शीर्षकाखाली 'प्रोग्राम्स' आणि 'सिस्टिम कॅश' असे दोन गोल पर्याय होते, त्यांतला एक निवडून प्राधान्य कशाला द्यायचे हे सांगता येत असे. व्हिस्टाने ती निवड खिडकीतून काढून टाकली. प्रीफेचचे नियंत्रण रजिस्ट्रीत, म्हणजे सिस्टिमच्या अंतर्गत नोंदींच्या कोठारात, 'एनेबल प्रीफेचर' या नोंदीपाशी ठेवलेले आहे: 0 म्हणजे बंद, 1 म्हणजे केवळ प्रोग्राम, 2 म्हणजे केवळ संगणक सुरू होतानाचे काम आणि 3 म्हणजे दोन्ही. इतका सुटसुटीत पर्याय तयार करायचा आणि सामान्य माणूस जिथे हात घालायला धजत नाही तिथे तो दडवायचा, याला सोय म्हणता येणार नाही.

सवयींवरून बांधलेला अंदाज एक वेळ क्षम्य मानता येईल, परंतु कंपनीने स्वतःचाच माल पुढे सारणे क्षम्य नाही. एज ब्राउझरचे 'स्टार्टअप बूस्ट' त्याच्या काही प्रक्रिया पार्श्वभूमीत तयार ठेवते. 2025 मध्ये याच नावाची सोय ऑफिससाठी आली, तिची सुरुवात वर्डपासून झाली, आणि ठरलेली कामे आपोआप चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमधून तिचे काम बंद केले तरी ऑफिस अपडेट झाल्यावर ते काम पुन्हा मांडले जाते, असे मायक्रोसॉफ्टनेच सांगितले आहे. एकदा दिलेला नकार अपडेटपुरताच टिकत असेल, तर त्या नकाराला किंमत काय?

लिनक्समध्ये निदान पडदा नाही: 'फ्री' ही आज्ञा कॅशमधील मेमरी वेगळी दाखवते, आणि 'स्वॅपिनेस', म्हणजे रॅममधील मजकूर डिस्कवर हलवण्याची प्रवृत्ती, हे मूल्य बहुधा 60 असते व ते बदलता येते. मात्र त्यासाठी टर्मिनल उघडावे लागते, म्हणून तिथेही सामान्य वापरकर्ता दाराबाहेरच राहतो.

वापरकर्त्यांच्या हाती असे नियंत्रण दिले तर ते संगणक मंद करून बसतील, हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. काही जण तसे करतीलही, पण त्यावर मूळ मांडणीकडे परत नेणारे एक बटण पुरेसे आहे. म्हणून मागणी इतकीच की सेटिंग्जमध्ये उघड दिसेल अशा जागी प्रीलोड होणाऱ्या प्रोग्रामांची यादी, प्रत्येकाने अडवलेली मेमरी आणि तो बंद करण्याची सोय असावी, कंपनीच्या स्वतःच्या प्रोग्रामांना आधी संमती घेतल्यावाचून त्या यादीत प्रवेश नसावा, आणि वापरकर्त्याने केलेली निवड कोणत्याही अपडेटने बदलू नये.