लिहिलेली फी आणि साठलेली फी

प्रोजेक्टसाठी स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट निवडणाऱ्या मित्रांनो, एक साधा प्रश्न. मे २०२१ मध्ये आलेल्या युनिस्वॅपच्या तिसऱ्या आवृत्तीत तुम्ही टोकनची जोडी ठेवलीत. लोकांनी व्यवहार केले, फीमधला तुमचा वाटा साठला, पण तुम्ही तो उचलला नाही. तो किती झाला, हे दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टने आतून कसं वाचायचं?

बहुतेकांचं उत्तर तयार असतं. पोझिशनच्या नोंदीत ‘टोकन्स ओड’ हा रकाना आहे, तो वाचला की झालं! पण तिथेच घोळ आहे. पोझिशनला शेवटचा हात लागला तेव्हाचा आकडा त्यात असतो. नंतर साठलेलं त्यात नसतंच.

याला आळस म्हणू नका. प्रत्येक व्यवहाराला सगळ्यांची खाती लिहायची तर इथेरियमवर गॅसचा खर्च कुणाला परवडेल? म्हणून पूल एकच मीटर चालू ठेवतो : लिक्विडिटीच्या एका एककामागे आजवर किती फी जमली. तुमच्या नावापुढे फक्त मागचं रीडिंग. मग लाइटबिलासारखंच, चालू वजा मागील, गुणिले तुमची लिक्विडिटी. रीडिंग २ च्या १२८ व्या घाताने वाढवून ठेवलेलं असतं, म्हणून तेवढ्याने भागायचं आणि रकान्यातला आकडा मिळवायचा.

खरी गंमत टप्प्याची. समजा, भाव म्हणजे कात्रज-स्वारगेट बस, आणि तुमची भागीदारी बालाजीनगर ते पद्मावती एवढीच. एकूण जमेतून बालाजीनगरच्या अलीकडची आणि पद्मावतीच्या पलीकडची जमा वजा केली की तुमच्या टप्प्याची उरते. पूल दोन्ही थांब्यांवर ‘बाहेरची’ जमा लिहून ठेवतो, पण बस थांब्याच्या कुठल्या बाजूला आहे त्यावर ‘बाहेर’ कुठलं ते ठरतं! शिवाय ही वजाबाकी शून्याखाली गेली तर फिरून वरच्या टोकाला जावी, असंच गणित आहे. सॉलिडिटी ०.८ पासून अशी वजाबाकी अडवली जाते, तेव्हा तेवढा भाग ‘अनचेक्ड’मध्ये लिहावा लागतो.

कुणी म्हणेल, कशाला एवढा खटाटोप? ‘कलेक्ट’ लुटुपुटीचं चालवून बघू की! बाहेरून, आपल्या कॉम्प्युटरवरून, ते जमतं. पण कॉन्ट्रॅक्टच्या आतून स्टॅटिक कॉलने ते चालत नाही, कारण ‘कलेक्ट’ नोंदी बदलतं आणि स्टॅटिक कॉलला बदल मंजूर नाही.

आता यात कुणाचं काय जातं ते बघा. समजा, अनेकांच्या पैशांचा एक सामाईक फंड आहे, मूळ रक्कम १० लाख आणि न उचललेली फी ५० हजार. फंडाने फक्त रकाना वाचला आणि फी धरलीच नाही. नवा माणूस १० लाख टाकून निम्मा मालक होतो. दुसऱ्या दिवशी फी उचलली की २५ हजार त्याच्या खिशात. गेले कुणाचे? आधीपासून पैसे ठेवून बसलेल्यांचे! कुठे एरर नाही, काही नाही.

म्हणून म्हणतो, कोड चालला म्हणजे बरोबर आहे असं नाही. युनिस्वॅपच्या पेरिफेरीत या हिशोबाची ‘पोझिशन व्हॅल्यू’ लायब्ररी आहे. जरूर वापरा, पण आधी ती वाचा. व्हायव्हात ‘हा आकडा कधीचा?’ एवढं विचारलं आणि उत्तर आलं नाही, तर प्रोजेक्ट अजून आपला झालेला नाही असं खुशाल समजावं.