मांडणशिल्प एकदा घनसावंगीत मांडा

मा. संचालक,
कला संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई



आमच्या तालुक्याचा आणि आपल्या कार्यालयाचा संबंध येतो तो एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेपुरता. मुलं पॅड आणि रंगपेटी घेऊन केंद्रावर येतात, स्मरणचित्रात आठवडी बाजार नाहीतर एस.टी. स्टँड काढतात, दहावीला वाढीव गुण मिळवतात आणि त्यांची चित्रकला तिथंच थांबते. मी या मुलांना शिकवणारा कलाशिक्षक आहे. माझी मागणी एकच आहे: ज्यात माणूस आत शिरून उभा राहतो आणि ज्यात आपल्याच जगण्याचा प्रश्न मांडलेला असतो, असं एक मांडणशिल्प घनसावंगीत उभं करा.

अशी कला महाराष्ट्रात होते आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे प्रभाकर पाचपुते कोळसा खाणीच्या गावात वाढले. 2012 साली मुंबईच्या क्लार्क हाउसमधल्या प्रदर्शनात त्यांनी कोळशानंच खाणकामगारांचं जग उभं केलं. त्यांच्या चित्रांत माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी दिवा येतो, कधी यंत्र येतं. 2014 मध्ये ते कोचीच्या बिएनालेत होते. 2021 मध्ये वेल्समधल्या कार्डिफचा आर्टेस मुंडी पुरस्कार सहा कलावंतांना विभागून मिळाला, त्यांत ते एक. विदर्भातल्या एका खाणगावाचं दुःख कार्डिफला पोचलं याचा मला फार अभिमान वाटतो. आमच्या तालुक्यात मात्र अशी कला अजून आलेली नाही.

जे.जे.त शिकलेल्या नवज्योत अल्ताफ तर थेट बस्तरला गेल्या. कोंडागावच्या आदिवासी कलावंतांबरोबर त्यांनी हातपंपांभोवतीच्या जागा नव्यानं घडवल्या. भरलेला हंडा टेकवायला उंच जागा केली, म्हणजे तो जमिनीवरून उचलताना बाईच्या कमरेवर सगळा भार येत नाही. हेही शिल्पच. मराठवाड्यात उन्हाळ्याचे चार महिने पाण्यामागे घालवणाऱ्या बाईला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

'खेड्यातल्या लोकांना हे कळेल का?' अशी शंका कुणी काढलीच, तर त्यांना गणपतीत इकडे पाठवा. दुष्काळ, हुंडा, स्त्रीभ्रूणहत्या, शेतकरी आत्महत्या या विषयांवरचे जिवंत देखावे पाहायला माणसं लेकराबाळांसह रांगा लावतात. देखाव्यात शिरायची सवय आम्हाला आहे. फक्त देखावा शेवटी फलकावर काय करावं ते लिहून देतो. चांगलं मांडणशिल्प तसं करत नाही. ते माणसाला त्या जागी उभं करतं आणि पुढचा विचार त्याच्यावर सोपवतं. मला मुलांना नेमकं हेच दाखवायचं आहे.

आणि विषयांना इथं तोटा नाही. आमच्या जालना जिल्ह्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. याच मोसंबीच्या बागा 2012-13 च्या दुष्काळात वाळून सरपण झाल्या. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल त्या कोयत्यावर, आणि एक जण आजारी पडला की उरतो तो अर्धा कोयता. फडाशेजारच्या कोपीत कमरेत वाकूनच शिरावं लागतं. आत चूल, अंथरूण, पाण्याचा ड्रम आणि झोपलेलं पोर एवढ्याशा जागेत मावलेलं असतं. अशी कोपी मुंबईच्या दालनात उभारली तर पाहणारे हळहळतील. घनसावंगीत उभारली तर एखादी बाई तिथल्या तिथं सांगेल, 'चूल इथं नसती, वारा इकडून येतो.' ती उभारणाऱ्या कलावंताला याहून मोठा पारखी कुठं भेटणार? ज्यांच्या जगण्यावर काम उभं आहे, त्यांनी ते तपासल्याशिवाय ते पुरं झालं, असं मी मानत नाही.

राज्य कला प्रदर्शनाचा व्यावसायिक विभाग बहुतेक वेळा मुंबईत जहांगीरमध्ये भरतो. तो तिथं जरूर भरू द्या. पण त्याच्या जोडीनं दरवर्षी एक तालुका निवडा, आणि सुरुवात आमच्यापासून करा. मोठी इमारत नको. शाळेची एखादी मोठी खोली, पत्र्याचं गोदाम किंवा बाजाराचे ओटे चालतील. कलावंताला दोन महिने इथं राहता येईल एवढं मानधन द्या. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयातले विद्यार्थी त्याच्याबरोबर पाठवा. सुतार, गवंडी, कोपी बांधणारे हात इथं आहेत, त्यांनाही मजुरी आणि श्रेय दोन्ही द्या. काम निदान महिनाभर खुलं ठेवा, संध्याकाळी उशिरापर्यंत, कारण दिवसा माणसं रानात असतात. उद्घाटनाचा मंडप घालण्याऐवजी तो खर्च आजूबाजूच्या शाळांतली मुलं आणायला एस.टी.वर करा.

एक विनंती तारखेची. ऊसतोडीला गेलेली माणसं गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. प्रदर्शन त्यांच्यासाठी असेल, तर ते त्यानंतरच ठेवा.

आपला,
घनसावंगीतील एक कलाशिक्षक