हिरवी भाजी साक्ष देत नाही

पालक हिरवागार दिसला की गिऱ्हाईक जुडी उचलते. पण हिरवेपणा हा शुद्धतेचा पुरावा आहे काय? छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आपल्या औरंगाबादेत, हा प्रश्न आता विचारलाच पाहिजे. खाम नदी शहराचे सांडपाणी घेऊन नाथसागराकडे जाते. सुखना चिकलठाणा औद्योगिक वसाहतीच्या बाजूने वाहते. अशा नदीनाल्यांच्या पाण्यावर भाजीचे वाफे भिजतात, हे शहराला ठाऊक आहे. प्लेटिंगच्या कारखान्यांतून क्रोमियम, निकेल, कॅडमियम आणि बॅटरीच्या भंगारातून शिसे पाण्यात उतरू शकते, हेही सरकारी यंत्रणेला ठाऊक आहे.

विषारी पाण्याने पीक जळेल, असा आपला समज असतो. तसे होतेच असे नाही. जस्त आणि लोह घेण्याच्या वाटेनेच कॅडमियम मुळांत शिरते. मग वनस्पती फायटोकिलेटिन नावाचे गंधकयुक्त रेणू तयार करते. ते रेणू धातूला जखडतात आणि पेशीतल्या पोकळीत कोंडून ठेवतात. पीक तगते, कोंडलेले विष खाणाऱ्याच्या पोटात जाते. शिसे बहुतांशी मुळांतच अडकते. पानांवर ते धुळीतून बसते आणि धुतल्याने बरेच कमी होते. कॅडमियम मात्र पानाच्या आत असते, ते धुऊन जात नाही. आपली काळी, चुनखडीची जमीन धातूंना बऱ्यापैकी धरून ठेवते, हे खरे. परंतु खारट सांडपाणी कॅडमियमला पुन्हा मोकळे करते, आणि जमिनीत जस्त कमी असेल तर पीक ते अधिक ओढते. पालेभाजीत किलोमागे ०.२ मिलिग्रॅम कॅडमियम ही जागतिक अन्नमानकांची मर्यादा आहे. एवढे अल्प प्रमाण कोणाच्या डोळ्यांना दिसणार?

कायद्याची मेख इथेच आहे. पीक वाळले तर तलाठी पंचनामा करतो. हिरव्या उभ्या पिकाचा पंचनामा कोण करणार? मूत्रपिंडात कॅडमियम दहा ते तीस वर्षे टिकते. आजार उमटतो तेव्हा गरिबालाच विचारले जाते, ‘पुरावा कुठे आहे?’

जपानमध्ये तोयामा प्रांतात जिंझू नदीकाठी हेच घडले. कामिओका खाणीतले कॅडमियम भातखाचरांत उतरले. भात पिकत राहिला आणि तो खाणाऱ्यांची, विशेषतः बायकांची, हाडे मोडत गेली. लोकांनी आजाराला नाव दिले ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. १९६८ साली सरकारने हा प्रदूषणाचा आजार मानला. १९७१ साली न्यायालयाने रोगाच्या फैलावाचा अभ्यास पुरावा म्हणून ग्राह्य धरला आणि पीडित जिंकले.

आपल्याकडेही आधार आहे. तामिळनाडूतील चर्मोद्योगांच्या प्रदूषणाबाबत वेल्लोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले की, प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी आणि आपले काम निर्धोक असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारीही त्याचीच. न्यायालयाने टाकलेला भार संसदेने मात्र हलका केला. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा काढून तिथे दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला. कारखानदाराला हा दंड म्हणजे धंद्याचा एक खर्च!

या व्यवस्थेत मरतो कोण? नाल्याकाठी तुकडाभर जमीन कसणारा, त्या पाण्यात उभी राहून खुरपणारी मजूर बाई, आणि स्वस्त मिळते म्हणून तीच भाजी घेणारी आपली वस्ती. उद्या बोभाटा झाला तर अधिकारी येतील, वाफे उखडतील, हातगाडी जप्त करतील. सांडपाण्याचा पाइप जिथल्या तिथे राहील. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. नदीकाठचे पाणी, माती आणि भाजी यांची प्रत्येक हंगामात तपासणी व्हावी आणि निष्कर्ष मराठीत वस्तीवस्तीत लावावेत. खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल व्हावा. जिथे धातू सापडतील तिथल्या शेतकऱ्याला भरपाई आणि स्वच्छ पाणी मिळावे, त्याच्यावर गुन्हा नको.

१९२७ साली बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणूस म्हणून आपला हक्क सांगण्यासाठी. आज ओंजळीला पाण्यापासून कायदा अडवत नाही. पण त्या पाण्यात काय आहे, हे जाणण्याचा हक्क अजून मिळवायचा आहे. पीक विष मुकाट्याने सोसते, कारण त्याला बोलता येत नाही. आपल्याला येते. माहितीच्या अधिकाराचा पहिला अर्ज या आठवड्यातच आपल्या वस्तीतून जाऊ द्या.