गोदामाआधी नोटीस येते. ती वाचा!

महामार्गाकडेचं शिवार आज सगळ्यांनाच हवं झालंय. पुणे-बेंगळूर महामार्ग बेळगावला लागून जातो. ट्रक वळवायला जागा, सपाट जमीन आणि हाकेच्या अंतरावर शहर. गोदामवाल्याला आणखी काय पाहिजे? फक्त ती सपाट जमीन कुणाचं तरी भाताचं शेत असतं.

येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळच्या शेतकऱ्यांनी हे हलगा-मच्छे बायपासच्या वेळी भोगलंय. बासमतीसाठी ओळखलं जाणारं शिवार. कोर्टाची स्थगिती झाली, पोलीस बंदोबस्तात जेसीबीही शिरले. मग रिंगरोड आला आणि 2022 साली तालुक्यातले शेतकरी चाबूक घेऊन रस्त्यावर उतरले. पण रस्ता ही फक्त सुरुवात असते. रस्ता झाला की दोन्ही अंगाला प्लॉट पडतात, भराव पडतो, पत्र्याची शेड उभी राहतात. मग शेजारच्या शेतातलं पाणी जाणार कुठे? बळ्ळारी नाल्याकाठच्या शेतकऱ्याला पावसाळ्यात विचारून बघा.

"पोरांना काम मिळेल," असं गावात सांगितलं जातं. काम हवंच आहे, त्यात वाद नाही. पण गोदाम जागा भरपूर खातं आणि माणसं कमी ठेवतं. जी ठेवतं, ती बहुतेक हमालीला, पॅकिंगला, कंत्राटावर. अशा कामासाठी पिकाऊ जमीनच का? बहुपिकी बागायती जमीन अगदी शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यावी, हे तत्त्व 2013 च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यातच आहे. आधी माळरान दाखवा, मग बोलू.

विरोध करून काय होतं, असं म्हणणाऱ्यांनी देवनहळ्ळीकडे बघावं. बेंगळूरजवळच्या 13 गावांतली 1,777 एकर जमीन औद्योगिक वसाहतीसाठी घ्यायची नोटीस निघाली होती. शेतकरी तीन वर्षांहून जास्त काळ धरणं धरून बसले. जुलै 2025 मध्ये मुख्यमंत्र्यांना ते भूसंपादन रद्द केल्याचं जाहीर करावं लागलं. ते शेतकरी कन्नड बोलणारे होते. जमिनीचं दुखणं आपलं आणि त्यांचं एकच आहे.

फरक पडतो तो कागदात. त्यांना नोटीस स्वतःच्या भाषेत आली. आपल्या आजोबांच्या हातात कन्नड कागद पडतो, तो कपाटात जातो आणि मुदत निघून जाते. महामार्गासाठी राजपत्रात अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला फक्त 21 दिवस मिळतात. केआयएडीबीची नोटीस हातात पडल्यापासून 30 दिवस. 2013 च्या कायद्याखाली 60 दिवस. वाचून सांगणारा शोधण्यातच त्यातले किती जातात! म्हणून मराठीत परिपत्रकं मागणं हा नुसता अस्मितेचा प्रश्न नाही, तो सातबाऱ्याचा, आपल्याकडच्या आरटीसी उताऱ्याचा प्रश्न आहे. अल्पसंख्याक भाषिक 15 टक्क्यांच्या वर असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राचं धोरण 1956 पासूनचं आहे.

आणखी एक वाट आहे, तिथे नोटीसही येत नाही. 2020 च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन विकत घेता येते. एजंट घरोघरी फिरतो, एकेक भाऊ फुटतो आणि मधल्याचं शेत अडकून पडतं. त्यामुळे विकायच्या आधी गावात बोला.

तरुणांनो, मोर्चाला याच. पण त्याआधी एवढं करा:

1. घरच्या प्रत्येक सर्व्हे नंबरचा उतारा काढून नावं तपासा. आजोबांच्या नावावरच राहिला असेल तर वारसा नोंद करून घ्या.
2. कन्नड वाचता येणारी दोन-तीन पोरं प्रत्येक गावात ठरवा. कन्नड आपण शाळेत शिकलोय, ते आता शिवार राखायला वापरा.
3. हरकत प्रत्येक खातेदाराने वेगळी द्या, मुदतीत द्या, पोच घ्या. घटनेच्या कलम 350 नुसार गाऱ्हाणं मराठीतही मांडता येतं. सोबत कन्नड प्रत जोडा, म्हणजे कुणाला सबब उरणार नाही.

गोदाम एका वर्षात उभं राहतं. काळ्या मातीचं शिवार पुन्हा उभं करता येत नाही. आज घरी गेल्यावर कपाटातले कागद काढा आणि वाचा.