मुलगा मोठा होतो, मुलगी लग्नाची होते

बापाची वहाण मुलाच्या पायात बसू लागली की त्याला मित्रासारखे वागवावे, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगत आली. सांगणे शहाणपणाचे आहे, यात वाद नाही. पण आईची चप्पल मुलीच्या पायात बसू लागली म्हणजे तिला कसे वागवावे, हे मात्र कोणी सांगून ठेवलेले नाही. तिथे पूर्वी एकच वाक्य ऐकू येई, आणि तेही मुलीला उद्देशून नव्हे, तर तिच्या बापाला उद्देशून: "आता पाहायला लागा."

आपली भाषा मोठी प्रामाणिक आहे. मनातले ती लपवीत नाही. मुलगा 'हाताशी येतो', 'कर्ता होतो'. मुलगी 'उपवर होते', 'लग्नाची होते'. 'मुलगा वयात आला' हे आपण चारचौघांत सांगतो. 'मुलगी वयात आली' हे सांगताना आवाज आपोआप खाली जातो, कारण त्याचा अर्थच निराळा! म्हणजे बघा, एकच वय, एकच घर, एकाच ताटातला फराळ. पण एकाचे ते वय मोठे होण्याचे, आणि दुसरीचे सांभाळण्याचे.

हे सारे मनात यायचे कारण चित्रपट. या सदराच्या वाचकांना ठाऊकच आहे, की मी काही चित्रपटांची परीक्षक नव्हे. चार माणसांसारखी तिकीट काढून किंवा घरच्या कोचावर पाय घेऊन चित्रपट पाहणारी एक बाई, एवढाच माझा अधिकार. त्या अधिकाराने सांगते, की मिसरूड फुटण्याच्या वयातली मुले आपल्या पडद्यावर फार दिवस खरी दिसतच नव्हती. कॉलेजातला नायक चांगला तिशी उलटलेला असे आणि पुस्तके छातीशी धरून चालणारी नायिकाही फारशी मागे नसे. 1973 साली राज कपूर यांचा 'बॉबी' आला, तेव्हा खरोखरीच कोवळ्या वयाची जोडी लोकांनी पाहिली आणि डोक्यावर घेतली. त्यातली राजदूतची छोटी मोटारसायकलसुद्धा लोक पुढे 'बॉबी' म्हणूनच ओळखू लागले. पण त्या यशाने एक साचा पडला. दोन कोवळे जीव, दोन हट्टी बाप आणि एक वाहन! त्या वयाला प्रेमाखेरीज दुसरा उद्योगच नसतो, अशी जणू सगळ्यांची खात्री झाली.

हा साचा मोडायचे मोठे काम मराठी चित्रपटाने केले, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. उमेश कुलकर्णी यांच्या 'विहीर'मधला समीर घ्या. नात्याने भाऊ आणि मनाने सखा असलेला नचिकेत अचानक जातो, आणि माणूस जातो म्हणजे कुठे जातो, हे कोडे त्या पोराला छळत राहते. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'मधला चिन्मय अकरा वर्षांचा. वडील नाहीत, आईची बदली कोकणात झालेली, गाव नवे, सोबती नवे. आणि तेच सोबती भर पावसात त्याला किल्ल्यावर एकटा सोडून येतात. या चित्रपटाने 2014 साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाकडून बक्षीस मिळवले. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तला जब्या तर आपल्या झोपेचे खोबरे करून गेला. शाळेत शिकणाऱ्या या मुलाला साऱ्या गावादेखत डुकरे धरावी लागतात, आणि शेवटी त्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या अंगावर येतो. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरून सुजय डहाके यांनी केलेल्या 'शाळा'तला नववीतला मुकुंद जोशी आणीबाणीच्या दिवसांत वर्गात बसतो, मित्रांबरोबर टवाळक्या करतो आणि पहिल्यांदा कोणावर तरी जीव लावतो. चार चित्रपट, चार मुलगे, आणि प्रत्येकाला स्वतःचे मन. मरण, जात, बदली, एकटेपणा हे सारे त्या वयाला कळते, एवढेच नव्हे तर मोठ्यांपेक्षा जास्त लागते, हे या दिग्दर्शकांनी जाणले.

मग तक्रार कसली, असे आपण विचाराल. तक्रार नाही, एक प्रश्न आहे, आणि तोही माझा नव्हे. आमच्या शेजारी दहावीतली एक मुलगी राहते. 'शाळा' आम्ही बरोबरच पाहिला. मुकुंदचा जीव जिच्यावर जडला ती शिरोडकर शेवटी गाव सोडून जाते, मुकुंद एकटा उरतो आणि आपला गळा दाटून येतो. माझाही आला. ही मुलगी मात्र कोरड्या डोळ्यांनी म्हणाली, "काकू, त्या शिरोडकरला नव्या शाळेत कोणी मैत्रीण मिळाली असेल का हो?"

मी गप्प बसले, कारण चित्रपटात याचे उत्तर नव्हते. आपण सारा वेळ मुकुंदच्या बाकावर बसून शिरोडकरकडे पाहिलेले. तिच्या बाकावरून काय दिसत होते, हे आपल्याला कोणी दाखवलेच नाही. 'फँड्री'तली शालूही तशीच. जब्या तिच्यासाठी काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो, पण तिच्याशी बोलण्याचा धीर त्याला शेवटपर्यंत होत नाही. तिच्या मनात काय होते? तेही आपल्याला ठाऊक नाही. जब्याच्या बाबतीत ते अंतर हेच दुःख आहे, म्हणून तिथे ते शोभते. पण चित्रपटामागून चित्रपट मुलगी अशी लांबूनच दिसत राहिली, तर मग ते अंतर एका जब्याचे राहत नाही. ते आपल्या साऱ्यांच्या पाहण्याचे होऊन बसते. 2014 सालच्या 'टाइमपास'मध्ये दगडू प्राजक्ताच्या मागे लागतो तो आरंभी केवळ करमणूक म्हणून, हे नावातच आहे. प्रेक्षागृहात काय हशा पिकला! पण रस्त्याने कोणी मागोमाग येत असताना घरी पोचेपर्यंत मुलीच्या पोटात जो गोळा येतो, त्याला विनोद म्हणणारी मुलगी मला अजून भेटायची आहे.

बरे, मुलगीच जिथे मुख्य, तिथे तरी काय होते? थोरामोठ्यांपासूनच पाहू. सत्यजित राय यांच्या 1955 सालच्या 'पथेर पांचाली'तली दुर्गा आठवते ना? बागेतले पेरू पळवणारी, मैत्रिणीच्या लग्नात डोळे भरून येणारी, पहिल्या पावसात भिजणारी. त्या पावसाचा ताप तिला घेऊन जातो. धाकटा अपू मोठा होतो. त्याच्यासाठी आणखी दोन चित्रपट आहेत. दुर्गेची गोष्ट तिथेच संपली. राय यांनीच 1961 साली 'तीन कन्या'मध्ये मृण्मयी दाखवली. लग्नाच्या रात्री झाडावरून उतरून नदीकाठच्या झोक्यावर जाऊन बसणारी ही खट्याळ पोर! पण तिचे मोठे होणे म्हणजे काय, तर नवऱ्यावर प्रेम करायला शिकणे. 1971 सालच्या हृषीकेश मुखर्जींच्या 'गुड्डी'त शाळकरी मुलीला नटाचे वेड लागते. घरची वडील मंडळी मोठ्या मायेने ते वेड उतरवतात आणि भावजयीच्या भावाशी तिची गाठ जुळवतात. चित्रपट गोड आहे, मला अजून आवडतो. पण बघा, मुलीच्या गोष्टीला दाराबाहेर पडायच्या वाटा तीनच. ती मरते, तिचे लग्न होते, नाहीतर तिच्या वडिलांची बदली होते!

यात दिग्दर्शकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. मुलीला हे वय असते, ही गोष्टच आपल्या समाजाला नवी आहे. 1891 साली संमतिवयाचा कायदा झाला, त्यात वय दहाचे बारा करायचे होते, तर केवढे रण माजले होते! 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाची वयोमर्यादा चौदा ठरली, 1949 मध्ये पंधरा आणि 1978 मध्ये अठरा. ज्या समाजात आठव्या-नवव्या वर्षी अंतरपाट धरला जाई, तिथे मुलगी बालिका असे आणि एकदम सून होई. मधला काळ तिच्या वाट्याला आलाच नाही, मग त्याची गोष्ट कोण सांगणार? 1937 साली प्रभातच्या 'कुंकू'तली नीरा म्हाताऱ्या नवऱ्याला नाकारून उभी राहते, तेव्हा ती भांडते ती याच चोरीला गेलेल्या वर्षांसाठी. त्याआधी चार वर्षे विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास'ने शिकलेल्या तरुण मुलींची मने उघडी केली, तर केवढा गहजब झाला. आणि लेखिकेला टोपणनावाआड राहावे लागले.

म्हणजे, पोरीच्या आयुष्यात अकरा ते अठरा ही वर्षे कायद्याने आणि शाळेने आणून दिली. पण गोष्ट सांगणाऱ्यांच्या डोक्यात ती अजून पुरती उतरलेली नाहीत. शिवाय असे चित्रपट माणूस बहुधा स्वतःच्या आठवणींतून करतो, आणि करणारे बहुतेक पुरुष. त्यांच्या आठवणीत मुलगी पलीकडच्या बाकावरच बसलेली असणार!

"अहो, पण आर्ची?" हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते. 2016 च्या 'सैराट'मधली आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, चार पोरांना एका वाक्यात गप्प बसवते. रिंकू राजगुरू तेव्हा पंधरा वर्षांचीही नव्हती. गावोगावच्या मुलींनी तिच्यात स्वतःला पाहिले ते उगाच नाही. मला तर त्या चित्रपटाचा उत्तरार्धच मोठा वाटतो. वाड्यात वाढलेली पोर परक्या शहरात, झोपडपट्टीत येते, रडते, चिडते, कारखान्यात काम शिकते आणि हळूहळू आपल्या पायांवर उभी राहते. मुलगी मोठी होणे याहून निराळे काय असते? पण त्यासाठी तिला पळून जावे लागले, लग्न करावे लागले, आणि शेवटी काय झाले ते साऱ्या महाराष्ट्राने श्वास रोखून पाहिले. दिग्दर्शकाने ते खोटे रंगवले नाही. वर्तमानपत्रे उघडा, तसे घडते आहे. माझे म्हणणे एवढेच, की प्रेमाखेरीज आणि मरणाखेरीज मुलीला मोठे होण्याचा आणखी एखादा रस्ता कथेत असू नये का? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी 1995 साली 'दोघी'मध्ये गौरी आणि कृष्णा या दोन बहिणींची गोष्ट सांगितली. वेळ लग्नाचीच, दुर्दैवही लग्नाचेच. पण तिथे आपण बहिणीच्या डोळ्यांनी बहिणीकडे पाहतो. तो चित्रपट पाहिल्यावर कळते, की बाक बदलला की चित्र किती बदलते.

आपण म्हणाल, चित्रपट तो, दोन-अडीच तासांचा खेळ; एवढे काय मनावर घ्यायचे? मनावर घ्यायचे ते यासाठी, की कोचावर आपल्या शेजारी दोघे बसलेले असतात. मुलगा शिकतो, की आपण पाहायचे असते. मुलगी शिकते, की आपण दिसायचे असते. पुढे तो कोणाच्या तरी नकाराने पेटून उठतो, ती कोणी पाहत नाही म्हणून खंगते, आणि आपण डोक्याला हात लावून म्हणतो, ही आजकालची मुले! शाळेत गणित दोघांना एकच शिकवतो, मग हा धडा वेगवेगळा का?

सुदैवाने वारे फिरते आहे. 2016 सालच्या 'निल बटे सन्नाटा'मध्ये मोलकरणीची मुलगी शिकायला तयार नाही, म्हणून आईच तिच्या वर्गात येऊन बसते. सारे भांडण गणिताचे आणि स्वाभिमानाचे. शुची तलाटी यांच्या 'गर्ल्स विल बी गर्ल्स'ला 2024 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात प्रेक्षकांची पसंती मिळाली. त्यात निवासी शाळेतली एक हुशार मुलगी पहिल्या ओढीला सामोरी जाते, आणि तिच्या आईचे अपुरे राहिलेले वयही तिच्याबरोबर जागे होते. हा चित्रपट आईबापांनी आधी दोघांनीच पाहावा. मुलीसाठी नव्हे, स्वतःसाठी.

मराठीत मी वाट पाहते आहे ती एका साध्या चित्रपटाची. त्यातल्या मुलीच्या मागे कोणी लागलेले नसावे. तिची आजी गेलेली असावी, किंवा जिवलग मैत्रिणीने बोलणे टाकलेले असावे, किंवा नव्या गावच्या शाळेत तिला कोणी बाकावर जागा देत नसावे. एवढे पुरे आहे. समीरला आणि चिन्मयला एवढेच तर मिळाले होते, आणि त्यातून दोन सुंदर चित्रपट झाले.

तोवर या सुट्टीत एक करा. मुलांना घेऊन यांपैकी कोणताही चित्रपट पाहा, आणि संपल्यावर टीव्ही बंद करून मुलाला विचारा, "त्या मुलीच्या मनात काय चालले असेल रे?" उत्तर घाईने मागू नका. आणि मुलगी काही बोलू लागली, तर चिवड्याचा डबा तिच्यापुढे सरकवून नुसते ऐकत राहा.